पॅनकेक भिंगातली घोस्ट प्रतिमा: एका प्रशिक्षण हेडसेटचे प्रकरण

वेल्डिंग आणि यंत्रांची देखभाल शिकवण्यासाठी व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट बनवणाऱ्या एका छोट्या गटाचे हे प्रकरण आहे. पॅनकेक म्हणजे प्रकाश आतल्या आत मागेपुढे परावर्तित करून जाडी वाचवणारी भिंगरचना, आणि घोस्ट म्हणजे खऱ्या चित्रासोबत दिसणारी नको असलेली फिकट प्रतिमा. भिंगांची रचना गटाची स्वतःची होती. साचे आणि मोल्डिंगचे काम बाहेरच्या पुरवठादाराकडे होते. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि मोजमापे गोल केली आहेत. गणिते मात्र कोणालाही कागदावर पडताळून पाहता येतील अशी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

गटाच्या आधीच्या मॉडेलमध्ये फ्रेनेल, म्हणजे पृष्ठावर वर्तुळाकार खाचा असलेले पातळ भिंग होते. नाभीय अंतर सुमारे ४० मिमी, त्यामुळे पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाही, जवळपास तेवढाच पुढे. सगळे वजन चेहऱ्यापासून लांब गेल्याने हेडसेट पुढे झुकायचा. दुसरी तक्रार प्रकाशाची होती. फ्रेनेलच्या खाचांच्या उभ्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या चौकटीभोवती किरणांचे फटकारे दिसतात. वेल्डिंगच्या दृश्यात, जिथे अंधारात एकच झगझगीत ठिपका असतो, तिथे हे फारच खुपत होते.

पॅनकेक रचना तशी जुनी आहे. फॅरँड ऑप्टिकल कंपनीच्या जोसेफ लारुसा यांचे पेटंट १९६९ चे, तेही वैमानिकांच्या सिम्युलेटरसाठी. ग्राहकांच्या हेडसेटमध्ये ती रुळली २०२२-२३ मध्ये, पिको ४, क्वेस्ट प्रो आणि क्वेस्ट ३ यांच्यासोबत. त्यानंतर तिला लागणाऱ्या फिल्म (पातळ प्रकाशीय पापुद्रे) देणारे आणि त्या भिंगावर चिकटवण्याचे, म्हणजे लॅमिनेशनचे, काम करणारे पुरवठादार छोट्या गटांच्याही आवाक्यात आले. म्हणून नव्या मॉडेलसाठी हा रस्ता खुला होता.

ठरवलेली मापे अशी: आडवा दृश्यकोन १००°, डोळ्यापासून भिंगापर्यंतचे अंतर १५ मिमी, बाहुली ८ मिमीच्या वर्तुळात कुठेही सरकली तरी चित्र पूर्ण दिसावे, आणि भिंगाच्या डोळ्याकडच्या पृष्ठापासून पॅनेलपर्यंतची जाडी जास्तीत जास्त २२ मिमी. पॅनेल २.१ इंची चौरस एलसीडी, १६०० × १६०० पिक्सेल.

या मापांतून बरेच काही आपोआप ठरते. चौरस पॅनेलची बाजू ३७.७ मिमी, म्हणजे अर्धी बाजू १८.९ मिमी. अर्धा कोन ५०° म्हणजे ०.८७३ रेडियन. प्रतिमेची उंची कोनाच्या प्रमाणात वाढते असे धरले तर नाभीय अंतर २१.६ मिमी येते आणि प्रत्येक अंशाला १६ पिक्सेल मिळतात. डोळ्याकडून पॅनेलकडे किरण काढले तर कडेला २७ टक्के बॅरल विकृती (कडा आत ओढल्या जाणे) राहते, ती सॉफ्टवेअरमध्ये उलटी करून घेता येते. भिंगाचा व्यास: १५ मिमी गुणिले ५०° चा टॅन्जंट, त्याची दुप्पट, अधिक ८ मिमी, म्हणजे जवळपास ४४ मिमी. दोन डोळ्यांतले अंतर ५८ मिमीपर्यंत कमी करता यायला हवे होते. त्यात ४४ मिमीची दोन भिंगे आणि त्यांच्या नळ्या बसवल्या की नाकाला जागाच उरत नाही. म्हणून भिंगाची नाकाकडची कड सरळ कापावी लागणार हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट होते. पुढे या कापलेल्या कडेचा वेगळाच उपयोग झाला.

भिंग काम कसे करते

हा भाग समजल्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही. एलसीडीतून निघणारा प्रकाश आधीच एका रेषेत ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत असतात. पॅनेलवरची क्वार्टर वेव्ह प्लेट नावाची फिल्म त्याला वर्तुळाकार ध्रुवित करते, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरू लागते. पुढे भिंगाच्या बहिर्वक्र पृष्ठावर अर्धा आरसा असतो. तो निम्मा प्रकाश आत सोडतो. आतला प्रकाश प्लास्टिकमधून जाऊन दुसऱ्या क्वार्टर वेव्ह प्लेटमधून पुन्हा रेषीय होतो आणि परावर्तक पोलरायझरवर (एका दिशेचे कंपन परतवणाऱ्या आणि तिच्या काटकोनातले आरपार सोडणाऱ्या फिल्मवर) आपटून मागे फिरतो. अर्ध्या आरशावर पुन्हा निम्मा परावर्तित होतो आणि या परावर्तनात वर्तुळाची दिशा उलटते. आता तोच प्रकाश पोलरायझरमधून आरपार जातो आणि डोळ्यात शिरतो. एकाच जागेतून तीनदा प्रवास झाल्याने जाडी वाचते. शिवाय बहुतेक वक्रशक्ती आरशाची असल्याने रंगदोष कमी राहतो, आणि आरशामुळे येणारी प्रतिमेच्या प्रतलाची वक्रता भिंगाच्या वक्रतेच्या उलट दिशेची असल्याने प्रतल सपाट करणे सोपे जाते.

किंमत प्रकाशात मोजावी लागते. निम्म्याचा निम्मा, म्हणजे सिद्धान्तात २५ टक्के. प्रत्यक्षात अर्धा आरसा ४८-४८, पोलरायझरचे परावर्तन ९५ टक्के, पारगमन ९० टक्के आणि फिल्ममधले थोडे शोषण धरले की १८ टक्के उरतात. डोळ्यापाशी सरासरी १०० निट (दीप्तीचे एकक) हवे असतील तर पॅनेलने ५५० निट द्यायला हवेत. बॅकलाइट आणि त्याची उष्णता या हिशेबाने आधीच ठरवावी लागते.

पहिल्या टप्प्यातले पर्याय

सुधारित फ्रेनेल लवकर बाद झाले. जाडी कमी होत नव्हती. दोन साध्या अगोलीय (ज्यांची वक्रता गोलासारखी एकसारखी नसते अशा) भिंगांची जोडी जड आणि जाड होत होती. पॅनकेकमध्ये तीन रचना उरल्या. एक भिंग आणि त्याच्या सपाट बाजूवर फिल्म: स्वस्त, पण १००° ला कडेची तीक्ष्णता पार कोसळायची. वक्र पृष्ठावर ताणून बसवलेली फिल्म: प्रकाशीयदृष्ट्या सर्वांत चांगली, पण फिल्म ताणली की तिचा अक्ष आणि जाडी जागोजागी बदलते, आणि ते सांभाळणारा पुरवठादार गटाच्या प्रमाणात काम घ्यायला तयार नव्हता. तिसरी रचना म्हणजे दोन भिंगे आणि सपाट पृष्ठावर फिल्म. ती निवडली.

आता ही फिल्म कुठल्या सपाट पृष्ठावर लावायची? गटाने ती डोळ्याकडच्या भिंगाच्या डोळ्याकडच्या बाजूला लावली. म्हणजे दोन्ही भिंगे अर्धा आरसा आणि पोलरायझर यांच्या मध्ये आली. किरणांच्या गणितात हीच रचना सरस ठरत होती: पोकळी (आरसा आणि पोलरायझर यांच्या मधली जागा) लांब, आरशाची वक्रता सौम्य, जाडी २० मिमी. निवडीच्या तक्त्यात तीक्ष्णता, विकृती, जाडी आणि वजन यांचे रकाने होते. घोस्टचा रकाना नव्हता. या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. तो चुकला असेही म्हणता येत नाही, कारण तक्त्यात जे विचारले होते त्याचे उत्तर बरोबरच आले होते.

नमुन्यांचा दिलासा

पहिले नमुने अॅक्रिलिकच्या, म्हणजे पीएमएमएच्या ठोकळ्यांतून हिऱ्याच्या हत्याराने कातून घेतले. पॅनेल लावताच निळसर घोस्ट दिसली. तिचे कारण पटकन सापडले. दोन्ही क्वार्टर वेव्ह प्लेट ५५० नॅनोमीटरसाठी बनवलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीचे मार्गांतर (एका दिशेचे कंपन काटकोनातल्या कंपनाच्या जितके मागे पडते ते अंतर) १३७.५ नॅनोमीटर, आणि त्यांचे मंद अक्ष (ज्या दिशेचे कंपन मागे पडते त्या दिशा) समांतर लावले गेले होते. हिरव्या प्रकाशाला दोघी मिळून बरोबर अर्धा तरंग देतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला मात्र ०.६१ तरंग. कागदावरच्या हिशेबाने ११ ते १२ टक्के निळा प्रकाश पहिल्याच फेरीत गळतो.

दोन्ही अक्ष एकमेकांशी ९०° त लावले की पहिल्या फेरीपुरते दोन्ही प्लेटचे परिणाम सगळ्याच तरंगलांबींसाठी एकमेकांना रद्द करतात. अक्ष फिरवताना परावर्तक पोलरायझरही ९०° फिरवावा लागतो, नाहीतर जी प्रतिमा अडवायची तीच डोळ्यात जाते. दुरुस्तीनंतर घोस्ट मुख्य प्रतिमेच्या ०.६ टक्क्यांवर आली. ध्रुवीकरणाचा प्रश्न मिटला असे सर्वांनी धरले, आणि साच्याची ऑर्डर गेली.

अडचण

मोल्ड केलेली भिंगे आली ती सीओपीची, म्हणजे सायक्लो-ओलेफिन पॉलिमरची. तीक्ष्णतेची चाचणी पास. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर एकसारखेपणा पास. पहिला मेनू उघडला तेव्हा मात्र उजवीकडच्या पांढऱ्या चौकटीचा धुरकट, लहान डाग मध्याकडे सरकून दिसू लागला. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर घोस्ट पांढऱ्यातच मिसळून जाते, म्हणून ती चाचणी इथे काही कामाची नाही. काळ्यावर एकच पांढरी चौकट, ती नऊ जागी फिरवून, दरवेळी बाकीच्या काळ्या भागाची दीप्ती मोजणे, ही चाचणी हवी होती.

डाग लहान आणि धूसर का दिसतो हे समजून घेणे निदानासाठी उपयोगी पडते. गळणारा प्रकाश आरशावर न जाता सरळ डोळ्यात येतो. त्याला आरशाची शक्ती मिळत नाही, म्हणून डोळ्याला पॅनेल साधारण ३५ मिमीवर नुसते धरल्यासारखे दिसते. तिथे डोळा फोकस करू शकत नाही. ३०° वरची चौकट घोस्टमध्ये १८° च्या आसपास येते. सगळे पॅनेल मिळून ही सरळ गळती पॅनेलकडच्या भिंगाच्या मधल्या २८ मिमी व्यासातूनच येते. कडेच्या भागातला ताण या घोस्टला कारणीभूत नसतो.

ती इतकी ठळक का होते, याचे कारण अर्ध्या आरशात आहे. मुख्य प्रतिमेला तो दोनदा गाठावा लागतो आणि ती २५ टक्क्यांवर येते. गळतीला तो एकदाच लागतो. म्हणून पोलरायझरपाशी जेवढी गळती, त्याच्या दुप्पट घोस्ट.

मार्गांतराच्या त्रुटीतून गळती काढायची रीत सोपी आहे: त्रुटी भागिले तरंगलांबी गुणिले १८०°, आणि त्या कोनाच्या साइनचा वर्ग. ५५० नॅनोमीटरला १० नॅनोमीटरची त्रुटी म्हणजे ०.३३ टक्के गळती, ०.६५ टक्के घोस्ट. २० नॅनोमीटरला घोस्ट २.६ टक्के. ३० नॅनोमीटरला ५.८ टक्के, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर जेमतेम १७ ला १. त्रुटी दुप्पट झाली की घोस्ट चौपट होते, हे पुरवठादाराशी बोलताना आधी सांगावे लागते.

निदान

नमुन्याच्या वेळचा अनुभव ताजा असल्याने पहिला संशय फिल्मवर गेला. फिल्म पुन्हा लॅमिनेट झाल्या, अक्षांचे कोन तपासले गेले, फरक पडला नाही. खरे उत्तर एका साध्या प्रयोगातून मिळाले. भिंगे अजून गोलच होती, नाकाकडची कड कापायची बाकी होती. पॅनेलकडचे भिंग नळीत ९०° फिरवले, फिल्म जागच्या जागी ठेवली. घोस्टची ठळक बाजू भिंगाबरोबर फिरली. फिल्म सुटली, भिंग सापडले. डोळ्याकडचे भिंग फिरवून असे पाहता येत नव्हते, कारण फिल्म त्याच्यावरच चिकटवलेली होती.

आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये भिंग धरले की गेटकडून (साच्यात प्लास्टिक शिरते त्या तोंडाकडून) मध्याकडे पसरणारे पांढरे पट्टे साध्या डोळ्यांनाही दिसत होते. मोजमापात दोन्ही भिंगे मिळून मध्यावर ८ नॅनोमीटर आणि गेटच्या दिशेला मध्यापासून १२ मिमीवर ३० नॅनोमीटर आले.

कातलेल्या नमुन्यात हे दिसले नाही, कारण ठोकळा आधीच ताणमुक्त केलेला होता. मोल्डिंगमध्ये गरम प्लास्टिक दाबाखाली गोठते. भिंगाच्या मध्याची जाडी ८ मिमी, कडेची ३. कड आधी गोठते, मधला भाग नंतर आकसतो आणि ओढ आतच अडकते. ताणातला फरक थोडा असला तरी जाड प्लास्टिकमध्ये तो भारी पडतो. ज्या प्लास्टिकचा ताण-प्रकाशीय गुणांक दर पास्कलला ५ × १०⁻¹² आहे, त्यात ८ मिमी जाडीभर १ मेगापास्कलचा फरक राहिला तर मार्गांतर ४० नॅनोमीटर होते. पीएमएमए आणि सीओपी साधारण याच घरातले आहेत. पॉलिकार्बोनेटचा गुणांक दहापटीहून जास्त, म्हणून तो या पोकळीत कधीच घेऊ नये.

थोडा दोष बसवणुकीचाही निघाला. आट्यांची रिंग घट्ट पिळून भिंग दाबले होते. रिंग सैल केली की कडेचे पट्टे विरळ होत.

दुसऱ्या टप्प्यातले पर्याय

आता आधी मर्यादा लिहिली गेली: मधल्या २८ मिमीत घोस्ट १ टक्क्यापेक्षा जास्त नको. याचा अर्थ एकूण १२ नॅनोमीटर. वाटणी केली भिंगाला ७, फिल्मला ३, बसवणुकीला २. वाईटात वाईट स्थितीत त्रुटी सरळ बेरजेने वाढतात असे धरले, वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन आकडा कमी करण्याची सवलत घेतली नाही. गेटचा ताण प्रत्येक भिंगात त्याच दिशेला येतो, त्यामुळे तो योगायोगावर सोडणे बरोबर नव्हते.

काचेचे भिंग हा सर्वांत निर्धोक उपाय होता. पण सरासरी ५ मिमी जाडीच्या आणि ४० मिमी व्यासाच्या भिंगाचे घनफळ ६.३ घनसेंमी. सीओपीत ६.४ ग्रॅम, काचेत १६. दोन डोळ्यांचे १९ ग्रॅम पुन्हा पुढच्या टोकाला गेले असते, आणि अगोलीय काचेचा खर्च वेगळा.

फक्त प्रक्रिया सुधारणे हा दुसरा उपाय, आणि तो आधी करून पाहिला. साच्याचे तापमान १२५ अंश सेल्सियसपर्यंत वाढवले (या सीओपीचे काच-संक्रमण तापमान, म्हणजे ते मऊ पडू लागते ते तापमान, १४० च्या आसपास), पॅकिंगचा, म्हणजे साचा भरल्यावर प्लास्टिक दाबून धरण्याचा, दाब पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला, थंड होण्याचा वेळ लांबवला. मग भिंगे ११० अंशांवर रात्रभर ठेवून ताशी १० अंशांनी थंड केली. ३० नॅनोमीटरचे १७ झाले, म्हणजे घोस्ट १.९ टक्के. या अॅनीलिंगचे (ताण काढण्यासाठी तापवण्याचे) तापमान आणखी वाढवता येत नव्हते, कारण पृष्ठाचा आकार बिघडू लागला होता. अर्ध्या आरशाच्या पृष्ठावर आकारातली अशी चूक खपत नाही. तिथे उंचीतली त्रुटी परावर्तनात २ गुणिले १.५३ ने मोजली जाते, साध्या अपवर्तक पृष्ठावर ०.५३ ने. जवळपास सहापट फरक.

तिसरा उपाय रचनेतच बदल करायचा होता: फिल्म दोन भिंगांच्या मध्ये आणायची. पोलरायझर पार केल्यानंतरच्या भिंगात कितीही ताण असला तरी सरळ गळतीवर परिणाम होत नाही. म्हणजे डोळ्याकडचे भिंग हिशेबातूनच बाहेर जाते. पण पोकळी आखूड होते, आरशाची वक्रता वाढते, कोपऱ्यातली तीक्ष्णता घटते आणि साचे नव्याने करावे लागतात.

सॉफ्टवेअरचाही एक पर्याय होता. मेनूची पार्श्वभूमी काळ्याऐवजी गडद राखाडी केली की २ टक्के घोस्ट त्यात बुडते. वेल्डिंगच्या ठिणगीला तो लागू नव्हता, पण चाचणीसाठी गेलेल्या पहिल्या हेडसेटमध्ये तो वापरला.

केलेली कृती

गटाने रचना बदलली आणि सोबत दृश्यकोन १००° वरून ९६° वर आणला. ही चार अंशांची माघार व्यवस्थापनाला पटवायला साच्याच्या खर्चापेक्षा जास्त वेळ लागला. हिशेब असा: व्यास ४४ वरून ४१.३ मिमी, नाभीय अंतर २२.५ मिमी, अंशाला १६.७ पिक्सेल. वक्र पृष्ठाची खोली साधारण व्यासाच्या वर्गाने कमी होते. त्याचाही हातभार लागून नव्या रचनेत मध्याची जाडी ८ वरून ६.५ मिमीवर आणता आली आणि मध्याची जाडी कडेच्या दुपटीच्या आत आली.

पहिल्या साच्यात कानशिलाकडे ६ मिमी रुंदीचे गेट होते. नव्या साच्यात ते नाकाकडच्या कापलेल्या सरळ कडेवर घेतले. ४ मिमी खोल काप दिला की तिथे साधारण २४ मिमीची सरळ धार मिळते. तेवढे रुंद पंखाकृती गेट बसवले आणि सर्वांत ताणलेला भाग कापताना निघून गेला. यासाठी डाव्या-उजव्या भिंगाच्या कॅव्हिटी (साच्यातले खळगे) वेगळ्या कराव्या लागल्या. क्रमही बदलला: आधी गेट कापणे, मग अॅनीलिंग, मग अर्ध्या आरशाचा लेप, शेवटी फिल्म. कापताना निर्माण होणारा ताण अॅनीलिंगमध्ये जावा, आणि लेपाला उष्णता लागू नये, हा त्यामागचा विचार.

परावर्तक पोलरायझरच्या डोळ्याकडे एक शोषक पोलरायझर वाढवला. चुकीच्या ध्रुवीकरणाचा उरलासुरला प्रकाश आणि चेहऱ्यावरून परत येणारा प्रकाश तो गिळतो. त्यात १८ टक्क्यांचे १७ झाले. आट्यांची रिंग काढून तीन ठिकाणी कमी आकसणारा, मऊ यूव्ही गोंद (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा) वापरला.

परिणाम

जाडी २१.५ मिमी झाली, मर्यादेच्या आत. भिंगाचे मार्गांतर सर्वांत वाईट जागी ७ नॅनोमीटर आणि नऊ जागांच्या चाचणीत घोस्ट ०.८ टक्क्यांपर्यंत. ठिणगीच्या दृश्यात ती अजून शोधली तर सापडते. कोपऱ्यांची तीक्ष्णता पहिल्या रचनेपेक्षा कमी आहे. कोपऱ्यात वाचायचा मजकूर न ठेवण्याचा नियम करून ते निभावले. मोल्डिंगचे चक्र लांबल्याने प्रत्येक भिंग महाग पडते. येणाऱ्या प्रत्येक लॉटमधली काही भिंगे आता लेपाच्या आधीच पोलरायझरमध्ये तपासली जातात, कारण लेप आणि फिल्म लागल्यावर सदोष भिंग टाकणे फार महाग जाते.

काय वेगळे करता आले असते

कातलेल्या नमुन्यांनी किरणांची रचना सिद्ध होते, ध्रुवीकरणाची नाही. अंतिम साच्याआधी, अंतिम जाडीचा आणि अंतिम प्लास्टिकचा एखादा साध्या गोलीय आकाराचा तुकडा स्वस्त साच्यात मोल्ड करून पाहिला असता तर ३० नॅनोमीटरचा आकडा रचना गोठवण्याआधी हातात आला असता. प्रकाशीय सॉफ्टवेअरमध्ये मोल्डफ्लोने (मोल्डिंगचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढलेला ताण आणून गळती काढता येते, पण प्रत्यक्ष तुकड्याशी एकदा जुळवल्याशिवाय त्या आकड्यावर साचा कापू नये.

निळी घोस्ट सापडली तेव्हा कारण एक मिळाले म्हणून शोध थांबला. उरलेली ०.६ टक्के कुठून येते, फिल्ममधून किती आणि भिंगातून किती, हे त्याच दिवशी वेगळे मोजणे शक्य होते. कातलेल्या भिंगाचा वाटा जवळपास शून्य आहे हे दिसले असते, आणि मोल्ड केलेल्याचा किती असेल हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

डोळ्यापासूनचे अंतर मात्र या सगळ्या धांदलीत कोणी पुन्हा तपासले नाही. प्रशिक्षणार्थींपैकी बरेच जण चष्म्याचे. चष्मा, त्याच्या काचेची जाडी आणि थोडी फट धरली की १५ मिमीचे १८ होतात, आणि ४१.३ मिमीच्या भिंगातून तिथे सुमारे ८६° च दिसतात. ९६° हा आकडा चष्मा नसलेल्या चेहऱ्याचा आहे. दृश्यकोनाची मागणी १८ मिमीवर लिहिली असती तर पहिल्याच बैठकीत १००° सोडून द्यावे लागले असते, आणि भिंग सुरुवातीपासूनच पातळ काढता आले असते. पुढच्या आवृत्तीत नंबराचे भिंग चुंबकाने हेडसेटच्या आतच बसवायचा विचार आहे. ते पोलरायझरच्या डोळ्याकडे येणार असल्याने त्याच्या प्लास्टिकमधल्या ताणाची चिंता करावी लागणार नाही.